साथ आली तरी देवघेव चालू राहावी : सार्वजनिक ग्रंथालयांसाठी सविस्तर मार्गदर्शक

मार्च २०२० च्या मध्यास महाराष्ट्रातल्या सार्वजनिक ग्रंथालयांना कुलूप लागले. ते १५ ऑक्टोबरला, राज्य सरकारच्या नव्या आदेशानंतर निघाले. मधल्या सात महिन्यांत सबंध पावसाळा गेला. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळले आणि रायगडात घरांबरोबर शाळा-वाचनालयांचीही कौले-पत्रे उडाले. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली, तेव्हा बहुतेक ठिकाणी पुन्हा तेच कुलूप.

साथ ग्रंथालयांना नवी नाही. मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेग सापडला आणि तो शहरात ठाण मांडून असतानाच, १८९८ मध्ये, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. मार्च २०२० मध्ये राज्याने जो साथरोग कायदा लागू केला, तो १८९७ चा कायदाही त्याच प्लेगमुळे जन्मला. पुढची साथ कधी येईल हे कोणाच्या हातात नाही. ती आली की ग्रंथालय सरसकट बंद होऊ नये, याची तयारी मात्र कार्यकारी मंडळाच्या हातात आहे. हा लेख त्या तयारीसाठी, मुख्यतः तालुक्याच्या आणि गावच्या ग्रंथालयांसाठी लिहिला आहे. दोन-तीन कर्मचारी, एक-दोन दालने आणि हप्त्याहप्त्याने येणारे अनुदान एवढ्यावर चालणारी ग्रंथालये माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

पहिले काम : ग्रंथालयाचे तुकडे पाडा

‘ग्रंथालय चालू की बंद?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. एका छपराखाली पाच वेगळी कामे चालतात : देवघेव, वृत्तपत्र विभाग, बालविभाग, अभ्यासिका आणि व्याख्याने-कार्यक्रम. प्रत्येकातला धोका वेगळा. पुस्तक बदलायला आलेला सभासद काउंटरवर पाच मिनिटे थांबतो. अभ्यासिकेतला विद्यार्थी बंद खोलीत आठ-दहा तास बसतो. दोघांना एकाच नियमाने घरी पाठवणे शास्त्राला धरून नाही आणि वाचकाला न्याय देणारेही नाही.

एका कागदावर ही पाच कामे लिहा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी मांडा : एका वेळी किती माणसे, किती वेळ आणि हवा किती खेळती. त्यावरून बंद करण्याचा क्रम आपोआप ठरतो. आधी कार्यक्रम, मग अभ्यासिकेतली गर्दी, मग बालविभागात बसून वाचणे, मग वृत्तपत्रांचे टेबल. देवघेव सर्वांत शेवटी, आणि तीही आत बंद झाली तर दाराशी चालू राहावी.

हा क्रम मंडळाच्या सभेत ठराव करून मंजूर करा. एक प्रत जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना आणि एक तहसीलदारांना आताच, शांत काळात द्या. साथीत आदेश निघतात ते जिल्हाधिकारी आणि महापालिका पातळीवर, घाईत. त्या वेळी ‘आमच्याकडे खिडकीवरून पुस्तके देण्याची लेखी योजना आहे, परवानगी द्यावी’ असे म्हणता आले तर अधिकाऱ्यालाही सही करणे सोपे जाते. तोंडी विनंतीला त्या धामधुमीत कोणी विचारत नाही. एक पथ्य मात्र कायम : आदेश बंदीचा असेल तर बंद. योजना परवानगी मागण्यासाठी आहे, पळवाट काढण्यासाठी नाही.

रोग कशाने पसरतो, हे आधी विचारा

२०२० मध्ये सगळ्यांचे लक्ष पुस्तकांच्या पृष्ठभागाकडे होते. ही भीती जुनी आहे. ब्रिटनमध्ये १९०७ च्या कायद्याने संसर्गजन्य रोगाच्या रुग्णाला ग्रंथालयाचे पुस्तक नेण्यास मनाई केली होती. कोविडच्या वेळी अमेरिकेत ओसीएलसी या संस्थेच्या पुढाकाराने ‘रिअल्म’ प्रकल्पात ग्रंथालयातल्या वस्तूंवर प्रत्यक्ष चाचण्या झाल्या. सुट्या ठेवलेल्या पुस्तकांवर तीन दिवसांनी विषाणू सापडला नाही. एकावर एक रचलेल्या वस्तूंवर तो सहाव्या दिवशीही सापडला. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितले, की दूषित पृष्ठभागाला हात लावून कोविड होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. खरा धोका होता तो बंद खोलीतल्या सामायिक हवेचा. आपल्याकडे कित्येक ठिकाणी काउंटरवर सॅनिटायझरची बाटली आली, पण मागची खिडकी बंदच राहिली.

पुढची साथ कोविडसारखीच असेल असे नाही. प्लेग उंदरांवरच्या पिसवांनी पसरला. तसा रोग आला तर जुन्या अंकांच्या गठ्ठ्यांमागचे उंदीर हाच पहिला प्रश्न असेल. म्हणून पहिल्या आठवड्यात आरोग्य विभागाच्या सूचना वाचून एवढेच ठरवा : हवेतून, स्पर्शातून की प्राणी-कीटकांमार्फत? उत्तर अजून ठरलेले नसेल, तर परत आलेली पुस्तके तीन-चार दिवस बाजूला ठेवा, आणि माहिती पक्की झाली की नियम बदला. नियम बदलण्यात कमीपणा नाही. निरुपयोगी ठरलेला नियम वर्षभर चालू ठेवण्यात मात्र कर्मचाऱ्यांचे श्रम वाया जातात.

शांत काळात करून ठेवायची कामे

सभासदांची यादी ताजी करा. वर्गणी भरायला आलेल्या प्रत्येकाला मोबाइल क्रमांक विचारायचा, आणि ज्येष्ठ सभासद असतील तर घरातल्या आणखी एकाचा. व्हॉट्सॲपवर मोठा गट करण्यापेक्षा ब्रॉडकास्ट यादी बरी, कारण गटात प्रत्येकाचा क्रमांक प्रत्येकाला दिसतो. मात्र ज्यांनी ग्रंथालयाचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच ब्रॉडकास्टचा निरोप पोचतो. म्हणून वर्गणीच्या पावतीवर क्रमांक ठळक छापा आणि तो तिथल्या तिथे साठवून घ्यायला सांगा.

बँकेच्या सह्यांकडे लक्ष द्या. अध्यक्ष, कार्यवाह आणि कोषाध्यक्ष यांपैकी दोघांच्या सह्या चालतील असा ठराव बँकेत नोंदलेला असावा. तिघांपैकी एक जण पंचाहत्तरीचा आणि दुसरा परगावी अडकलेला, अशा वेळी कर्मचाऱ्यांचा पगार सहीवाचून अडतो. तातडीचे निर्णय घेण्याचा अधिकार कार्यवाह, कोषाध्यक्ष आणि ग्रंथपाल या तिघांना द्या आणि पुढच्या सभेत त्यांना मान्यता घ्या, म्हणजे गणसंख्येअभावी काही खोळंबणार नाही.

पैशाचे बोलायलाच हवे. सार्वजनिक ग्रंथालयांच्या अनुदानाचे दर २०१२ नंतर थेट २०२२ च्या अखेरीस वाढले, तेही ६० टक्क्यांनी. म्हणजे टाळेबंदी आली ती जुन्याच दरांवर. वर्गणी थांबते, सभागृहाचे भाडे थांबते आणि सर्वांत आधी निर्गम सहायकाचा, म्हणजे देवघेव सांभाळणाऱ्याचा, पगार तुटतो. तीन महिन्यांच्या पगाराएवढी ठेव वेगळी ठेवा. एकदम जमणार नाही. दिवाळी अंक योजनेतल्या शिलकीतून, देणग्यांतून दरवर्षी थोडी भर घाला. या ठेवीला फक्त पगारासाठी हात लावायचा, रंगरंगोटीसाठी नाही, हे ठरावातच लिहा. पुस्तके पुन्हा विकत घेता येतात. कोणत्या आजोबांना कोणती कादंबरी आवडते हे ठाऊक असलेली बाई नोकरी सोडून गेली, तर तशी दुसरी मिळायला वर्षे लागतात.

बाकी सामान किरकोळ आहे : मास्क, साबण, प्लास्टिकचे क्रेट, एक आर्द्रतामापक आणि जमल्यास कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र.

खिडकीवरची देवघेव

आमच्याकडचा मुक्तद्वार पद्धतीचा वाचक हाताने चाळून पुस्तक निवडतो. खिडकीवर ते शक्य नसते, म्हणून निवडीची सोय केली नाही तर ही सेवा आठवड्यात बंद पडते. पुढील रीत दोन माणसांत चालते.

१. दर आठवड्याला तीस-चाळीस पुस्तकांची यादी ब्रॉडकास्टवर पाठवा : नाव, लेखक आणि एका ओळीत विषय. शेल्फचा नीट दिसेल असा फोटो काढून पाठवला तरी पुष्कळ वाचक त्यावर बोट ठेवून सांगतात.

२. मागणी फोनवर किंवा निरोपाने सकाळी घ्या. ‘काहीतरी प्रवासवर्णन द्या’ एवढ्याच मागणीवर ग्रंथपालाने दोन पुस्तके निवडावीत. वाचकाचे जुने कार्ड किंवा संगणकावरची नोंद समोर ठेवली की एकच पुस्तक दुसऱ्यांदा जात नाही.

३. दुपारी पुस्तके काढून, दाखल अंक (पुस्तकाचा नोंदवहीतला क्रमांक) नोंदवून, सभासद क्रमांकाची चिठ्ठी लावून कापडी किंवा कागदी पिशवीत ठेवा.

४. संध्याकाळी वेळा वाटून द्या : अमुक क्रमांक पाच ते साडेपाच, पुढचे साडेपाच ते सहा. टेबल दाराबाहेर, ओसरीत किंवा पोर्चमध्ये. परतीची पुस्तके सभासदाने स्वतः क्रेटमध्ये ठेवायची.

५. क्रेटवर वाराची चिठ्ठी. पुस्तके बाजूला ठेवण्याचा नियम लागू असेल तर ती आडवी रचू नका. कणा वर करून, मध्ये जागा सोडून उभी ठेवा. सोमवारचे क्रेट शुक्रवारी शेल्फवर.

पुस्तकांवर सॅनिटायझर मारू नये, हे काउंटरवर लिहूनच लावा. अल्कोहोलने शिक्क्याची शाई फुटते आणि मुखपृष्ठाचा रंग उतरतो. ब्लीचने कागद कमजोर होतो. अतिनील दिव्याची पेटी विकायला कोणी आले तर नम्रपणे परत पाठवा : प्रकाश पडतो तेवढाच भाग साफ होतो, मिटलेल्या पानांत तो पोचत नाही, आणि वारंवार वापरला तर कागद पिवळा पडतो. काळ आणि खेळती हवा, पुस्तकाला एवढे निर्जंतुकीकरण पुरे.

विलंब शुल्क पहिल्या दिवसापासून थांबवा आणि तसे जाहीर करा. ज्याच्या घरी रुग्ण आहे त्याने पुस्तक परत आणायला बाहेर पडू नये.

कर्मचाऱ्यांच्या दोन जोड्या पाडा आणि त्यांची एकमेकींशी गाठ पडणार नाही असे दिवस वाटा. एसटीने येणाऱ्यांना एसटी बंद असेल तेव्हा घरून करण्यासारखे काम द्या : फोन करणे, यादी लावणे. ताप आला तर भरपगारी सुटी. पगार कापला जाईल या धास्तीने कामावर आलेला एक कर्मचारी सगळ्या सावधगिरीवर पाणी फिरवतो.

बंद इमारत : इथे सर्वांत जास्त नुकसान होते

बंदीच्या काळात ग्रंथालयाचे खरे शत्रू आतच असतात. जूनमध्ये दारे-खिडक्या लावल्या की आठ-दहा दिवसांत खोलीतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर जाते आणि बुरशीला तेवढे पुरते. कापडी बांधणीची जुनी पुस्तके आधी धरतात, कारण बांधणीतली खळ हे बुरशीचे अन्नच असते. कणा आणि पाठपुठ्ठा जुळतो त्या खाचेत पांढरट-हिरवट भुकटी दिसू लागते, बोट फिरवले तर मातकट वास येतो, आणि मग शेजारच्या पुस्तकाच्या कडेवर तसेच ठिपके. भिंतीला टेकलेल्या कपाटात हे सर्वांत आधी सुरू होते. वाळवीची खूण वेगळी : भिंतीच्या कोपऱ्यातून कपाटाच्या पायापर्यंत गेलेली मातीची बारीक नळी.

म्हणून बंदीचा आदेश आला त्याच दिवशी ‘इमारत देखभाल भेट’ म्हणून आठवड्यातून एकदा आत जाण्याची लेखी परवानगी मागा. दोन नावे, वाहन क्रमांक, वार आणि वेळ लिहून तहसीलदार व पोलीस ठाण्याला पत्र द्या. भेट दोन तासांची.

पावसाने उघडीप दिलेली वेळ साधून समोरासमोरच्या खिडक्या उघडा, पंखे लावा, आर्द्रतामापकाचा आकडा वहीत लिहा. पाऊस कोसळत असताना खिडक्या उघडल्या तर आर्द्रता वाढतेच, हे ध्यानात असू द्या. छपराखालची आणि पन्हळीजवळची कपाटे आधी पाहा. पुस्तके गच्च बसवलेली असतील तर दर फळीवरून चार-पाच काढून हवा जाऊ द्या. कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. हे काम खरे तर मे महिन्यातले. प्लास्टिक फक्त गळतीखाली आणि तेवढ्यापुरते. फळ्यांवर कायमचे अंथरले तर आत ओल कोंडते. वीज मुख्य बटणावरून बंद करून निघा, कारण उंदीर वायरी कुरतडतात.

बुरशी सापडलीच, तर ते पुस्तक आतमध्ये झटकू नका. बीजाणू सगळ्या दालनात उडतात. कागदात गुंडाळून ओसरीत न्या. सावलीत, वाऱ्यावर, पाने थोडी उलगडून पूर्ण कोरडे होऊ द्या. ओली बुरशी पुसली की ती कागदात मुरते. वाळली की मऊ ब्रशने, आपल्यापासून दूरच्या दिशेने, अलगद निघते. तोंडाला एन-९५ मास्क, हातांत मोजे. कडक उन्हात ठेवण्याचा मोह आवरा, पुठ्ठे वाकतात. दुर्मीळ ग्रंथ असेल तर स्वतः हात न लावता वेगळा ठेवा आणि कागद-संवर्धनाचे काम जाणणाऱ्याला दाखवा.

अभ्यासिका

राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ५ एप्रिल २०२० ला ठरली होती. पुढे ढकलत ढकलत ती २१ मार्च २०२१ ला झाली. जवळजवळ वर्षभर हजारो मुले-मुली दहा बाय दहाच्या घरात, भावंडांच्या गलक्यात अभ्यास करत राहिली. अभ्यासिकेची गरज साथीत वाढते आणि धोकाही तिथेच सर्वांत जास्त असतो. म्हणून ती बंद ठेवण्यापेक्षा तिची हवा सुधारण्यावर खर्च करा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

हिशेब सोपा आहे. खोली २० बाय १५ फूट आणि उंची १० फूट, म्हणजे ३,००० घनफूट हवा. ती तासाला निदान पाच वेळा बदलली पाहिजे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२३ मध्ये हेच मान सुचवले. म्हणजे तासाला १५,००० घनफूट, मिनिटाला २५०. एक्झॉस्ट पंख्याच्या खोक्यावर तो मिनिटाला किंवा तासाला किती हवा ओढतो ते छापलेले असते. ते वाचून घ्या. पंखा एका भिंतीत असेल तर त्याच्या समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर तो नुसताच फिरतो. छताचा पंखा हवा ढवळतो, बदलत नाही. स्प्लिट एसी तीच हवा गार करून परत देतो.

हवा पुरेशी बदलते का, हे कार्बन डायऑक्साइडच्या यंत्रावर कळते. उघड्यावर आकडा ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो. खोलीत मुले बसल्यावर तो ८००च्या आत राहिला तर ठीक. १,००० ओलांडले की दोन खिडक्या आणखी उघडा किंवा चार जण कमी करा. हा आकडा फळ्यावर लिहीत जा. मुले अभ्यासू असतात, कारण कळले की नियम स्वतः पाळतात आणि दुसऱ्यालाही पाळायला लावतात.

जागा निम्म्यावर आणायच्या तर सकाळ-दुपार अशा दोन पाळ्या करा आणि मध्ये अर्धा तास खोली रिकामी, खिडक्या उघड्या ठेवा. डबा बाहेर खायचा. फोनवर पाठांतर, चर्चा अंगणात. पाळीचे वाटप करताना घरी जागा नसलेल्यांना आणि मुलींना आधी विचारा. मुलींची दुपारची पाळी अंधार पडण्याआधी संपावी.

घरी अडकलेले वाचक

वृत्तपत्र विभागात रोज येणारे ज्येष्ठ हा ग्रंथालयाचा सर्वांत निष्ठावंत आणि साथीत सर्वांत एकटा पडणारा वर्ग. आठवड्यातून एकदा त्यांना फोन करा. औषधे, किराणा आपले काम नाही, पण अडचण कळली तर ग्रामपंचायतीला किंवा नगरसेवकाला सांगता येते. इमारतीला ओसरी असेल तर जुन्या पद्धतीचे, उभ्याने वाचायचे वर्तमानपत्रांचे लाकडी स्टँड बाहेर काढा.

डिजिटल साहित्याचे दुवे पाठवताना फुकट आणि कायदेशीर तेच पाठवा. मराठी विश्वकोश, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरची पुस्तके आणि राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय एवढ्यात पुष्कळ भागते. स्कॅन केलेल्या चालू पुस्तकांच्या पीडीएफ ग्रंथालयाच्या क्रमांकावरून कधीही पुढे जाऊ नयेत. प्रकाशक आणि लेखकही त्याच साथीत अडकलेले असतात. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे कॉपीराइट राहतो, त्यामुळे मुलांसाठी गोष्टी वाचून ध्वनिमुद्रित करायच्या तर जुने साहित्य निवडा किंवा लेखकाची लेखी परवानगी घ्या. मराठी लेखक अशी परवानगी सहसा आनंदाने देतात.

पुन्हा उघडताना

दार उघडण्याआधी एक दिवस फक्त इमारतीसाठी ठेवा : पाण्याची टाकी धुणे, नळ सोडून ठेवणे, वायरिंग पाहणे, कपाटांची झडती. मग पहिला आठवडा देवघेव, दुसऱ्यापासून वृत्तपत्रे, नंतर अभ्यासिका. २०२० मध्ये ग्रंथालये उघडली तेव्हा दिवाळी महिन्यावर आली होती. सभासद परत आणायला दिवाळी अंक योजनेइतके चांगले निमित्त दुसरे नाही. बंद काळाची वर्गणी मागू नका. तेवढे महिने मुदत वाढवून द्या आणि ज्यांना स्वेच्छेने द्यायची आहे त्यांची देणगी म्हणून रीतसर पावती करा.

थकलेल्या पुस्तकांची यादी काढली की तिच्यात गेलेल्या माणसांची नावे येतात. छापील स्मरणपत्रे पाठवण्याआधी ती यादी गावातल्या माहीतगार व्यक्तीकडून तपासून घ्या. अशा घरी पत्र जाऊ नये. काही आठवड्यांनी मंडळातल्या परिचिताने भेटायला जावे, अनामत रक्कम घरच्यांना परत द्यावी, आणि पुस्तकाचा विषय त्यांनी काढला तरच बोलावे. ते पुस्तक घरच्यांना ठेवून घ्यावेसे वाटले तर ठरावाने निर्लेखित करा, म्हणजे नोंदीतून कमी करा. कोणत्या वाचकाला, कोणत्या कर्मचाऱ्याला लागण झाली होती हे ग्रंथालयाच्या फलकावर किंवा निरोपात कधीही येऊ देऊ नका.

कागद जपा

मार्च २०२० च्या अखेरीस मुंबईत काही दिवस छापील वर्तमानपत्रे वाचकांपर्यंत पोचलीच नाहीत. त्या काळातल्या वृत्तपत्रांच्या फायली तपासा, तुटक अंकांच्या जागी तारखेसह कारणाची चिठ्ठी लावा, आणि ई-आवृत्ती मिळत असेल तर प्रकाशकाच्या परवानगीने छापून घ्या. त्याचबरोबर गावातले कागद गोळा करा : ग्रामपंचायतीच्या नोटिसा, प्रवासाचे पास, लसीकरण केंद्राची वेळापत्रके, मंडळांनी वाटलेली पत्रके. फॅक्ससारखा चकचकीत कागद असेल तर लगेच झेरॉक्स काढा, त्यावरची अक्षरे दोन-तीन वर्षांत उडतात. प्रत्येकावर मागे पेन्सिलीने तारीख आणि कोणाकडून मिळाले ते लिहा. खासगी नावे-क्रमांक असलेले कागद वेगळ्या पाकिटात, कुलपात ठेवा. बाकीच्यांची ‘स्थानिक इतिहास’ या शीर्षकाखाली दाखलनोंद करा आणि फाइल संदर्भ विभागात, मागणाऱ्याला मिळेल अशा जागी लावा.